ऑफिसच्या ग्रुप टर्मसाठी मेडिकलचा मेल आलाय? मग आधी हे वाचा

ऐरोली-महापेच्या कंपन्यांमध्ये ग्रुप टर्म, म्हणजे कंपनीने सगळ्या स्टाफसाठी एकत्र काढलेली जीवन विम्याची पॉलिसी, रिन्यू झाली की काही जणांना मेल येतो, तुमचं कव्हर एफसीएलच्या वर जातंय, मेडिकल करून घ्या. आपण तो फ्रॉड समजून सोडतो, नाहीतर आळसाने. मी चार महिने सोडला, मग एकदा ठाणे लोकलमध्ये बसल्या बसल्या हिशोब केला आणि घाम फुटला.

एफसीएल म्हणजे फ्री कव्हर लिमिट, एवढ्या रकमेपर्यंत विमा कंपनी मेडिकल न मागता कव्हर देते. ग्रुप किती मोठा, लोकांची वयं काय, यावर ती ठरते, त्यामुळे मित्राच्या कंपनीचा आकडा आपल्याला लागू नाही. समजा पगार वर्षाला २४ लाख, कव्हर चौपट म्हणजे ९६ लाख, आणि एफसीएल ५० लाख. मग मेडिकल होऊन होकार येईपर्यंत घरच्यांना मिळणार ५० लाखच, वरचे ४६ लाख नुसते ऑफर लेटरमध्ये. म्हणून पहिलं काम, एचआरला विचारा आपला एफसीएल किती.

मग येतो हेल्थ डिक्लरेशनचा फॉर्म. बीपीची गोळी, जुनं ऑपरेशन, सगळं लिहा, एवढ्याशाने काय होतंय म्हणून गाळू नका. विमा कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे ३ वर्षांनंतर विमा कंपनीला शंका काढता येत नाही, पण त्याआधी लपवलेलं सापडलं की क्लेम अडकतो आणि तेव्हा समजवायला आपण नसतो.

टेस्ट वय आणि रकमेवर ठरतात, साधारण रक्त, लघवी, ईसीजी, रक्कम मोठी असेल तर टीएमटी, म्हणजे ट्रेडमिलवर चालवून काढलेला ईसीजी, पण. रात्रीपासून १०-१२ तास उपाशी, पाणी चालतं. दोन दिवस गोड सोडून शुगर लपत नाही हं, एचबीए१सी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते. कोटिनिन, म्हणजे शरीरातलं निकोटिन पकडणारी टेस्ट असेल तर सिगरेटच काय, मावा-गुटखाही सापडतो. टीएमटीला बूट घालून जा, मी चपलेत गेलो आणि टेक्निशियनने नुसतं पायाकडे बघितलं. गल्लीतल्या लॅबचा रिपोर्ट बहुतेक चालत नाही, विमा कंपनीच्या पॅनलवरचं सेंटर लागतं, ओरिजिनल आयडी घेऊन जा, आणि खर्च कोणाचा ते आधी विचारून ठेवा.

रिपोर्ट गेल्यावर होकार येतो, जादा प्रीमियम लागतो, काही महिन्यांनी परत या म्हणतात किंवा वरच्या रकमेला नकार. नकार आला तरी एफसीएलपर्यंतचं कव्हर सहसा राहतं, त्यामुळे भीतीने टाळण्यात अर्थ नाही. इन्क्रीमेंटने कव्हर वाढलं तर परत मेडिकल मागू शकतात.

"झालंय सर" असं एचआरने तोंडी सांगितलं तरी थांबू नका, मंजूर रक्कम मेलवर मागा आणि तो मेल लगेच घरी फॉरवर्ड करा. माझ्या बायकोने वाचून पहिला प्रश्न विचारला, "आणि नॉमिनी कोण आहे?" तिथे अजून आईचंच नाव होतं.