ग्रीक तर्क शिकताना या चुका टाळा

बारावीला तर्कशास्त्र घेतलेली मुलं असोत, बीएला पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाचा पेपर देणारे असोत, नाहीतर स्पर्धा परीक्षेतल्या ‘विधाने आणि निष्कर्ष’ या प्रश्नांनी जेरीस आलेले उमेदवार असोत, गुण बहुतेकांचे एकाच ठिकाणी जातात. विधान जेवढं बोलतं त्याहून जास्त त्याच्या तोंडी घातलं जातं. नियम पाठ नसल्याने होणाऱ्या चुका त्यामानाने कमी.

विधान उलटं वाचणं

सगळ्यात जास्त आढळणारी चूक हीच. पाऊस पडला की जमीन ओली होते. जमीन ओली आहे. म्हणजे पाऊस पडला. हे उदाहरण कुठल्या गाइडातलं नाही, खुद्द ॲरिस्टॉटलचं आहे (इ.स.पू. 384–322). सोफिस्टांच्या, म्हणजे वादविवाद शिकवणाऱ्या ग्रीक शिक्षकांच्या, फसव्या युक्तिवादांवर त्याने वेगळा ग्रंथ लिहिला, त्यात हे येतं. शेजारीच मध आणि पित्ताचं उदाहरण आहे: मध पिवळा असतो, पित्तही पिवळं, म्हणून लोक पित्तालाच मध समजतात. ओल्या जमिनीमागे फुटलेली पाइपलाइनही असू शकते. पहिल्या वाक्यातून खात्रीने निघतं ते एवढंच, की जमीन कोरडी असेल तर पाऊस पडलेला नाही. ‘जर-तर’च्या या वाक्यांची पद्धतशीर मांडणी मात्र ॲरिस्टॉटलची नाही, ती त्याच्यानंतरच्या स्टोइक पंथाच्या तत्त्वज्ञांनी, त्यातही ख्रिसिपसने केली. ग्रीक तर्कशास्त्र म्हणजे फक्त ॲरिस्टॉटल असं लिहून मोकळं होऊ नका.

‘सर्व’ आणि ‘काही’च्या विधानांतही हाच घोळ होतो. ‘सर्व कवी वाचक आहेत’ यावरून ‘सर्व वाचक कवी आहेत’ असं होत नाही. फार तर ‘काही वाचक कवी आहेत’ म्हणता येतं. ‘एकही अ ब नाही’ हे मात्र बिनधास्त उलटवा. आणि ‘काही अ ब नाहीत’ हे अजिबात उलटवू नका: काही प्राणी माणसं नाहीत हे खरं, म्हणून काही माणसं प्राणी नाहीत असं कोण म्हणेल?

इथे एक मेख आहे. ‘सर्व अ ब आहेत’ यावरून ‘काही ब अ आहेत’ असं म्हणताना आपण जगात निदान एक तरी अ आहे हे गृहीत धरतो. ॲरिस्टॉटलच्या परंपरेत ते चालतं, आधुनिक तर्कशास्त्रात चालत नाही. म्हणूनच संवाक्याच्या (दोन आधारविधानांवरून तिसरं विधान काढणाऱ्या युक्तिवादाच्या) 256 आकारांपैकी एका पुस्तकात 24 वैध, म्हणजे आधारविधानं खरी असली की निष्कर्ष खरा ठरतोच असे, दिसतात आणि दुसऱ्यात 15. दोन्ही पुस्तकं बरोबर आहेत. आपण कुठल्या पद्धतीने उत्तर देतोय ते आधी ठरवा, मग आकडा लिहा.

अडलात तर माणूस, घोडा आणि दगड आणा

निष्कर्ष निघतो की नाही हे कळेनासं झालं की वर्तुळं काढत बसण्याआधी ॲरिस्टॉटलची जुनी युक्ती वापरून पाहा. समजा प्रश्न असा आहे: सर्व पेन टेबल आहेत, एकही बस पेन नाही, म्हणून एकही बस टेबल नाही. असल्या विचित्र शब्दांनी डोकं गरगरतं, म्हणून त्याच साच्यात ओळखीची पदं घाला. प्रत्येक माणूस प्राणी आहे. एकही घोडा माणूस नाही. म्हणून एकही घोडा प्राणी नाही? उघडच खोटं. मग ‘सर्व घोडे प्राणी आहेत’ असं म्हणावं का? घोड्याच्या जागी दगड ठेवा. प्रत्येक माणूस प्राणी आहे, एकही दगड माणूस नाही, दोन्ही विधानं खरी. पण दगड काही प्राणी नव्हे. साचा तोच, आधारविधानं खरी, आणि निकाल एकदा एका टोकाला तर एकदा दुसऱ्या. म्हणजे तिसरी वस्तू प्राणी आहे की नाही, याबद्दल या साच्यातून काहीच निघत नाही. ॲरिस्टॉटल ‘प्रायर ॲनालिटिक्स’ या संवाक्यावरच्या ग्रंथात अगदी हीच पदं घेऊन हा साचा बाद करतो.

पण ‘काहीच निघत नाही’ म्हणून घाईने पुढच्या प्रश्नाकडे पळू नका. ‘काही प्राणी घोडे नाहीत’ हे त्याच दोन विधानांतून पारंपरिक पद्धतीने निघतं: माणसं प्राणी आहेत आणि ती घोडे नाहीत. पर्यायांत हे वाक्य असेल, तर बरेच जण इथेच फसतात.

खरं आणि वैध एकच समजणं

सर्व मासे झाडावर राहतात. बांगडा मासा आहे. म्हणून बांगडा झाडावर राहतो. विधान हास्यास्पद, युक्तिवाद पूर्णपणे वैध. आता हे पाहा: भारतातली काही शहरं समुद्रकाठी आहेत, मुंबई भारतातलं शहर आहे, म्हणून मुंबई समुद्रकाठी आहे. तिन्ही वाक्यं खरी, तरी युक्तिवाद अवैध. मुंबईच्या जागी नागपूर टाकलं की लगेच कळतं.

जाता जाता, ‘सॉक्रेटिस माणूस आहे, म्हणून मर्त्य आहे’ हे जगप्रसिद्ध उदाहरण ॲरिस्टॉटलच्या नावावर खपवू नका. त्याच्या ग्रंथांत ते नाही, आणि त्याची मांडणी एकेकट्या व्यक्तींची नसून ‘माणूस’, ‘प्राणी’ अशा सामान्य पदांची आहे.

नकार देताना टोक गाठणं

‘सगळे विद्यार्थी पास झाले’ हे खोडायला ‘एकही पास झाला नाही’ असं म्हणायची गरज नसते. एक जण नापास निघाला तरी पुरे. ‘सगळे’ आणि ‘एकही नाही’ ही दोन्ही विधानं एकाच वेळी खोटी असू शकतात; ‘सगळे’ आणि ‘काही नाहीत’ यांतलं मात्र एक खरं असतंच. मराठीत तर आणखी सांभाळावं लागतं. ‘सगळे विद्यार्थी पास झाले नाहीत’ याचे दोन्ही अर्थ होतात. उत्तरपत्रिकेत हे वाक्य सरळ टाळावं आणि ‘काही विद्यार्थी पास झाले नाहीत’ असं लिहावं.

व्याघाताच्या नियमातल्या अटी गाळणं

व्याघात म्हणजे परस्परविरोध. त्याचा नियम सांगताना ‘एकच गोष्ट असू आणि नसू शकत नाही’ एवढंच लिहिलं तर उत्तर अर्धवट राहतं. एकाच वेळी आणि एकाच दृष्टीने, या अटी नियमाचाच भाग आहेत. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’मध्ये भोवऱ्याचं उदाहरण आहे. जागेवर फिरणारा भोवरा आसाच्या दृष्टीने स्थिर आहे, परिघाच्या दृष्टीने फिरतो आहे. इथे व्याघात नाही.

ॲरिस्टॉटलचा मध्य म्हणजे तडजोड नव्हे

हा मुद्दा नीतिशास्त्रातला, पण चूक त्याच जातीची. सद्गुण अति आणि कमी या दोन टोकांच्या मध्ये असतो, असं ॲरिस्टॉटल म्हणतो. दोन पक्ष भांडले की आपण ‘सुवर्णमध्य काढू’ म्हणतो, आणि तोच अर्थ ॲरिस्टॉटलला चिकटवतो. तो उदाहरण देतो पैलवानाच्या खुराकाचं. दहा मिना (मिना हे जुनं ग्रीक वजन) अन्न फार झालं आणि दोन मिना कमी पडलं, म्हणून वस्ताद सगळ्यांना सहा मिना खा असं सांगत नाही. मायलोसारख्या नामांकित मल्लाला सहा अपुरे पडतील, नुकत्याच तालमीत आलेल्या पोराला ते जास्त होतील. मध्य ठरतो माणूस आणि प्रसंग पाहून, बेरीज करून दोनाने भागून नव्हे.

शिवाय प्रत्येक कृतीला मध्य असतोच असंही तो म्हणत नाही. चोरी, खून, व्यभिचार यांची नावंच वाईटपणा सांगतात. योग्य बाईशी, योग्य वेळी, योग्य रीतीने व्यभिचार करणं असा काही प्रकार नसतो, असं तो स्पष्टच लिहितो.