हनुकियाची तयारी, पोरांना हाक मारायच्या आधी

2026 मधला हनुक्का (आमचा ज्यूंचा आठ रात्रींचा दिव्यांचा सण, रोज एक दिवा वाढवत जायचा) 4 डिसेंबरच्या संध्याकाळी लागतोय आणि तो नेमका शुक्रवार, म्हणून म्हटलं यावेळी घरची हनुकिया, म्हणजे त्या दिव्यांचा नऊ मेणबत्त्यांचा स्टँड, करायला आठवडाभर आधीच बसूया. पहिलं म्हणजे बेस. गेल्या वर्षी आइसक्रीमच्या काड्या नि पुठ्ठ्याची केली होती, दिसायला एकदम भारी, पण तिसऱ्या दिवशी कडा काळी पडली आणि ती थेट बाथरूममध्ये बादलीत गेली. तेव्हा पुठ्ठा नको, थर्माकोल तर नकोच. टाइलच्या दुकानात एक फुटाचा उरलेला तुकडा मिळतो, तो घ्यायचा, शक्यतो खरखरीत, कारण चकचकीत टाइलवर रंग धरत नाही आणि मग पोरं रडतात.

मग हार्डवेअरमधून लोखंडी नट, नऊ, नेताना खिशात एक मेणबत्ती ठेवा आणि तिथेच घालून बघा, अंदाजाने आणलेले नट एकतर ढिले होतात नाहीतर मेणबत्ती आत जातच नाही. चिकटवायला एम-सील, ग्लू गन नको, गरम झालं की तो गोंद मऊ पडतो. एम-सील आपण मळायचं, पोरांनी नाही, आणि रात्रभर वाळू द्यायचं.

आता मेन गोष्ट, खुणा. आठ नट सरळ रेषेत, एकाच उंचीवर, गोल किंवा नागमोडी नाही (पोरं हमखास गोल करायला बघतात, केकसारखं), दोन नटांच्या मध्यापासून मध्यापर्यंत साडेतीन सेंटीमीटर तरी ठेवा, नाहीतर शेजारची मेणबत्ती वाकते. नववा शमाश, त्याच्यानेच बाकीच्या पेटवायच्या, म्हणून तो वेगळा दिसायला हवा, मागे टाइलचाच छोटा तुकडा चिकटवून उंच करा. पेन्सिल नि पट्टी आपल्या हातात, रंग, टिकल्या, ठसे सगळं त्यांचं, तिथे नाक खुपसायचं नाही, फक्त नटाच्या जवळ चमकी-कागद जाऊ देऊ नका.

मेणबत्त्या 44 लागतात, रोजचा शमाश धरून, आणि हा हिशोब पोरांनाच करायला लावा, दोन अधिक तीन अधिक चार असं नऊपर्यंत, दहा मिनिटं शांतता मिळते. शुक्रवारी शब्बाथच्या (शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार, आमचा विश्रांतीचा दिवस) दिव्यांआधी हनुक्काचे दिवे लावायचे आणि ते अंधार पडल्यावरही अर्धा तास तेवायला पाहिजेत, म्हणून पहिल्या रात्रीसाठी जाड मेणबत्त्या लागतील, पण जाड मेणबत्ती नटात बसणार नाही, तर त्या दिवशी सरळ दिवाळीच्या उरलेल्या पणत्या ठेवा आणि तेल भरपूर घाला. आमच्या बेने इस्राएल ज्यू लोकांना कोकणात शनवार तेली म्हणायचे, घाणा चालवायचा आणि शनिवारी बंद, त्यामुळे तेलाच्या दिव्याला आमच्याकडे कोण नाही म्हणणार.

मेणबत्त्या उजवीकडून ठेवत यायच्या आणि पेटवायला सुरुवात नव्या, म्हणजे सगळ्यात डावीकडच्या मेणबत्तीपासून, हे मलाच दरवर्षी परत बघावं लागतं, म्हणून टाइलच्या मागे बाण काढून ठेवलाय. खिडकीजवळची जागा, बाहेरून दिसेल अशी, पडदा बांधून. पंखा बंद. पाण्याचा तांब्या हाताशी. आणि पोरांना आधीच बजावून ठेवा की ह्या फुंकायच्या नाहीत, आमच्या धाकटीने दोनदा हॅपी बर्थडे केलाय.