काचेच्या नाहीतर बायफोल्ड दाराला कॅट फ्लॅप बसवायचाय? मग आधी हे वाचा

आपल्याकडे गावी मांजर खिडकीच्या गजांतून नाहीतर कौलांवरून येतं-जातं, त्याच्यासाठी वेगळं दार कोणी करत नाही. इथे इंग्लंडमध्ये मात्र थंडीमुळे सगळं घट्ट बंद, आणि किचन मागे वाढवून घेतलं की तिथे साध्या दाराऐवजी लांबच लांब बायफोल्ड (पट एकमेकांवर घडी होणारं दार) येतो, म्हणजे सगळी काचच काच. मग मांजर आणलं की प्रश्न पडतो की आता फ्लॅप (मांजराला ये-जा करायची छोटी झडप) लावायचा कुठे. आपल्या ग्रुपमध्ये हा प्रश्न सारखा येतो आणि उत्तरं अर्धवट मिळतात, म्हणून एकदाच नीट सगळं लिहिते.

सगळ्यात महत्त्वाचं आधी. तुमच्या दारातल्या काचेला घरी भोक पाडता येत नाही. कितीही चांगला ड्रिल असू दे, डायमंड कटर असू दे, यूट्यूबवर कोणी काहीही दाखवू दे. इथल्या नियमाप्रमाणे दारात जमिनीपासून १५०० मिमी उंचीपर्यंतची काच सेफ्टी ग्लासच लागते, आणि ती बहुतेक वेळा टफन्ड असते. टफन्ड काच ६०० अंशांच्या वर तापवून एकदम थंड करतात, त्यामुळे तिचा पृष्ठभाग सतत दाबाखाली असतो आणि आतला भाग ताणाखाली. तो तोल एका जागी मोडला की अख्खी काच क्षणात बारीक तुकडे होऊन खाली येते. म्हणून भोक आधी पाडायचं आणि काच नंतर टफन करायची, हा एकच क्रम आहे आणि तो फॅक्टरीतच होतो. काच टफन्ड आहे का ते कोपऱ्यात बघा, छोटासा शिक्का असतो, त्यावर बीएस ईएन १२१५० असं काहीतरी लिहिलेलं असतं.

दुसरं म्हणजे ती एक काच नसते, दोन काचा असतात, मधे स्पेसर बार (दोन काचांत अंतर ठेवणारी पट्टी) आणि आर्गॉन गॅस, आणि चारी बाजूंनी सील. समजा काच टफन्ड नसती तरी मधोमध भोक पाडलं की सील गेलं, मग काचांच्या मधे ओल शिरते, धुकं धरतं आणि ते पुसता येत नाही कारण ते आतून असतं. भोकवालं युनिट, म्हणजे दोन काचांचा हा सीलबंद जोड, बनवतात तेव्हा त्या गोल भोकाच्या कडेनेही वेगळा स्पेसर फिरवून सील करतात. म्हणजे तुम्हाला लागणार आहे ते नवीन युनिट, जुन्याच मापाचं, ऑर्डरप्रमाणे भोक पाडून आलेलं. दार, फ्रेम, बिजागऱ्या सगळं तेच राहतं.

आता बायफोल्डमध्येच लावायचा का, हे आधी ठरवा. माझं स्पष्ट मत आहे की दुसरी जागा असेल तर बायफोल्डच्या वाटेला जाऊ नका. युटिलिटी रूमला यूपीव्हीसीचं (कडक प्लास्टिकचं) मागचं दार असेल आणि त्याच्या खालच्या अर्ध्या भागात काचेऐवजी पांढरं पॅनल असेल तर सोन्याहून पिवळं, ते पॅनल जिगसॉने (विजेच्या छोट्या करवतीने) सरळ कापता येतं, अर्ध्या दिवसाचं काम. खालच्या अर्ध्यात काच असली तरी ती काढून त्याच जाडीचं पॅनल बसवता येतं आणि ते नवीन काचेपेक्षा बरंच स्वस्त पडतं. बायफोल्डच्या शेजारी न उघडणारी फिक्स काच असेल तर ती पण चांगली, कारण तिथे घडीचा प्रश्नच येत नाही. भिंतीतून बोगदा काढून पण बसवतात, पण तिथे वायर-पाइप तपासणं आलं, भिंतीच्या आतल्या पोकळीतलं इन्सुलेशन आलं, ते बिल्डरचं काम.

यातलं काहीच नसेल आणि बायफोल्डच असेल, तर कोणत्या पानात, म्हणजे दाराच्या कोणत्या पटात, लावायचा यावर नीट डोकं लावा, इथेच लोक फसतात. दाराची घडी होते तेव्हा पानं एकमेकांना चिकटून उभी राहतात, मधे फार जागा नसते, आणि फ्लॅप तर काचेच्या दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला असतो. मायक्रोचिपवाल्या, म्हणजे मांजराच्या अंगातली चिप ओळखून उघडणाऱ्या, फ्लॅपची आतली बाजू बॅटरीमुळे जास्त जाड असते.

समजा तीन पानं आहेत, तिन्ही बाहेर उघडून उजवीकडे जमा होतात आणि डावीकडचं शेवटचं पान रोजच्या ये-जा करण्याचं दार आहे. घडी झाली की त्या रोजच्या दाराची बाहेरची बाजू मधल्या पानाच्या बाहेरच्या बाजूला भिडते, पण त्याची आतली बाजू मोकळी राहते. म्हणजे फ्लॅप त्या पानात लावला तर आतल्या जाड भागाची चिंता नाही, फक्त बाहेरचा भाग किती पुढे येतो ते बघायचं. याउलट भिंतीला लागून असलेल्या पानात लावला तर बाहेरची बाजू मोकळी, पण आतली जाड बाजू मधल्या पानाच्या आतल्या बाजूवर आदळणार. आणि मधल्या पानाचा तर विचारच नको, दोन्हीकडून अडकतं. तुमचं दार आत उघडत असेल नाहीतर पानं जास्त असतील तर हिशोब बदलेल, म्हणून दार पूर्ण घडी करून उभं करा, पानांमधली फट टेपने मोजा, आणि फ्लॅपच्या बॉक्सवर दोन्ही बाजूंची जाडी दिलेली असते तिच्याशी ताडून बघा. हँडल कुठे येतंय तेही बघा. फट कमी पडली तर घडी पूर्ण बंद होणार नाही, आणि जोर लावला तर काचेवर ताण येईल. आणि वॉरंटी चालू असेल तर दार बसवणाऱ्या कंपनीला ईमेल करून लेखी उत्तर घ्या.

मग उंची. फ्लॅपची खालची कड मांजराच्या पोटाच्या उंचीला हवी असं सगळीकडे सांगतात आणि ते बरोबरच आहे, मांजर उभं असताना जमिनीपासून पोटापर्यंत मोजा. पण बायफोल्डमध्ये तुम्हाला हवी ती उंची मिळत नाही. खालची चौकट आणि पानाची पट्टी यातच बऱ्याचदा १०-१५ सेंटीमीटर जातात, त्यावर भोकाच्या खाली काचवाला अजून काच सोडायला सांगतो कारण भोक कडेच्या फार जवळ असलं तर काच कमजोर होते. म्हणजे फ्लॅप सहज २० सेंटीमीटरच्या वर जातो. तरुण मांजर उडी मारेल, म्हाताऱ्या किंवा सांधे दुखणाऱ्या मांजराला ते जड जाईल. बाहेर पॅटिओ आतल्या फरशीपेक्षा खाली असेल तर फरक अजून वाढतो, तिथे एक रुंद, न हलणारी पायरी ठेवा, पेव्हिंग स्लॅबचे दोन तुकडे एकावर एक ठेवले तरी चालतात. भोक अगदी मधोमध नको असेल तर कोपऱ्याकडे घेता येतं, पण खालच्या आणि बाजूच्या कडेपासून कमीत कमी किती अंतर हवं ते काच बनवणाऱ्यालाच विचारा. आणि भोक कुलपाच्या बाजूला घेऊ नका, फ्लॅपमधून हात घालून आतली किल्ली फिरवता येता कामा नये. किल्ली कुलपात ठेवायची सवय असेल तर ती आजच सोडा.

फ्लॅप आधी विकत घ्या, काच नंतर ऑर्डर करा. प्रत्येक फ्लॅपला भोकाचा व्यास वेगळा लागतो. उदाहरणार्थ श्युअरफ्लॅपच्या मायक्रोचिप कॅट फ्लॅपला काचेत २१२ मिमीचं गोल भोक लागतं आणि वर काचेसाठीचा माउंटिंग अ‍ॅडॅप्टर वेगळा घ्यावा लागतो, तो लोक विसरतात आणि मग काच आली तरी काम अडतं. तरी बॉक्समधल्या टेम्प्लेटवर जे माप असेल तेच काचवाल्याला द्या, माझ्या लिहिण्यावर जाऊ नका. मायक्रोचिपवालाच घ्या असं मी सांगेन, कारण साध्या फ्लॅपमधून शेजारपाजारचे बोके आत येऊन खाणं फस्त करतात आणि घरभर मुतून ठेवतात. चिप तर तशीही हवीच, इंग्लंडमध्ये १० जून २०२४ पासून मांजर २० आठवड्यांचं व्हायच्या आत चिप लावणं सक्तीचं आहे, नसेल तर ५०० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो.

काच ऑर्डर करताना काय काय सांगायचं: रुंदी, उंची, युनिटची एकूण जाडी, दोन्ही काचा टफन्ड, लो-ई कोटिंग (उष्णता कमी बाहेर जाऊ देणारा काचेवरचा पातळ थर), स्पेसरचा रंग, भोकाचा व्यास आणि भोकाच्या मध्यबिंदूचं खालून आणि बाजूने अंतर, आणि ते अंतर आतून बघून दिलंय की बाहेरून ते ठळक लिहा. हे शेवटचं राहिलं तर भोक उलट्या कोपऱ्यात येईल आणि ती काच फिरवूनही लावता येत नाही कारण कोटिंगची बाजू ठरलेली असते. जाडी मोजायला काच काढायची गरज नाही, पानाच्या फ्रेमची पूर्ण जाडी मोजा, मग आतून काच किती खोल आहे आणि बाहेरून किती, ते दोन्ही वजा करा. २४ आणि २८ मिमी नेहमीचे आकडे आहेत. कोटिंग आहे का बघायला अंधारात काचेसमोर लायटर पेटवून धरा, ज्योतीची चार प्रतिबिंबं दिसतील, त्यातलं एक वेगळ्या रंगाचं दिसलं तर लो-ई आहे. काचेचं खरं माप मात्र बीडिंगच्या (काच धरून ठेवणाऱ्या पट्ट्यांच्या) आत लपलेलं असतं, त्यामुळे शक्यतो काचवाल्यालाच मापाला बोलवा, मग माप चुकलं तर जबाबदारी त्याची राहते. दोन-तीन जणांकडून कोट घ्या, बसवण्याचे पैसे धरून.

बसवायचं काम स्वतः करावं का? छोट्या दाराची काच असेल तर जमतं. बायफोल्डची एकट्याने अजिबात उचलू नका. हिशोब सोपा आहे, काच दर मिमी जाडीला दर चौरस मीटर अडीच किलो भरते. ८५ सेंटीमीटर बाय १९५ सेंटीमीटरचं पान, ४ मिमीच्या दोन काचा, म्हणजे साधारण ३३ किलो, आणि ६ मिमीच्या असतील तर ५० किलो. दोन माणसं, काचेचे सक्शन कप, जाड हातमोजे आणि बंद बूट हवेतच.

तरीही करणार असाल तर क्रम असा. आधी बीडिंगच्या चारही पट्ट्यांवर मास्किंग टेप लावून नंबर टाका. अ‍ॅल्युमिनियमच्या दारात आधी आतला रबरी गॅस्केट ओढून काढावा लागतो, मग पट्टी सैल होते. पातळ पुट्टी नाईफ लांब पट्टीच्या मधोमध फ्रेमच्या फटीत घालून हलकेच उचकटा, आधी लांब पट्ट्या, मग आखूड. लावताना उलटं, आधी आखूड.

काच काढायच्या आधी कडेने बसवलेल्या प्लास्टिकच्या पट्ट्या दिसतील, त्यांना पॅकर म्हणतात, त्यांचा चारही बाजूंनी फोटो काढा. हे फार महत्त्वाचं आहे. ते पॅकर उगाच भरलेले नसतात, खालून बिजागरीच्या बाजूला आणि वरून त्याच्या समोरच्या तिरक्या कोपऱ्यात असे बसवलेले असतात, म्हणजे काचेचं वजन बिजागरीवर येतं आणि पान चौकोनी राहतं. याला टो अँड हील म्हणतात. पॅकर जिथल्या तिथे गेले नाहीत तर काही दिवसांत पान लोंबतं, खाली घासायला लागतं आणि कुलूप लागेनासं होतं.

जुनी काच काढली की ती फेकू नका. उभी करून, खाली लाकडाचे ठोकळे घालून, भिंतीला टेकवून गॅरेजमध्ये ठेवा. घर विकताना नाहीतर भाड्याचं घर सोडताना तीच परत बसवायची असते, आणि भाड्याचं घर असेल तर मालकाची लेखी परवानगी सगळ्यात आधी.

नवीन काच बसली, दार दोन-चार वेळा उघडून-मिटून नीट चालतंय हे बघितलं, मगच फ्लॅप बसवा. भोकाची कड कापडाने पुसून कोरडी करा, अ‍ॅडॅप्टरचे दोन भाग दोन्ही बाजूंनी लावा, स्क्रू एकेक करून थोडे थोडे आवळा आणि ते हातातल्या स्क्रूड्रायव्हरनेच, मशीनने नाही. अ‍ॅडॅप्टर हलायचा थांबला की बस, त्यापुढे आवळलं की काचेच्या कडेवर दाब येतो. बाहेरच्या बाजूने सिलिकॉनची बारीक रेघ मारायची असेल तर न्यूट्रल क्युअर सिलिकॉन घ्या. ज्याला व्हिनेगरसारखा वास येतो तो नको, त्यातलं अ‍ॅसिड युनिटच्या सीलला खातं.

चिप शिकवायला फ्लॅपचं मेमरी बटण दाबायचं आणि मांजर पहिल्यांदा डोकं आत घालेल तोपर्यंत थांबायचं, घरात दुसरं मांजर असेल तर त्याला तेवढ्या वेळापुरतं दुसऱ्या खोलीत ठेवा नाहीतर भलत्याचीच चिप नोंदली जाईल.

मांजराला ढकलून आत-बाहेर करू नका, एकदा घाबरलं की ते त्या फ्लॅपकडे फिरकत पण नाही. सुरुवातीला फ्लॅप टेपने वर उघडा बांधून ठेवा, पलीकडे त्याचा आवडता खाऊ ठेवा, ट्यूना असेल तर काम लवकर होतं. ते बिनधास्त जायला लागलं की टेप थोडी सैल करून फ्लॅप अर्धा खाली आणा, आणि सगळ्यात शेवटी पूर्ण सोडा. कुलपाचा टक असा आवाज येतो त्याने काही मांजरं दचकतात, त्यांना जास्त वेळ द्या. फ्लॅपच्या कडेला केस आणि चिखल साठून तो नीट मिटत नाही, ओल्या कापडाने अधूनमधून पुसत जा, आणि लाल दिवा लुकलुकला की चारही बॅटऱ्या एकदम बदला, नाहीतर रात्री पावसात मांजर बाहेर अडकून राहील.