दहावीच्या निरोप समारंभाला मनोगत कसं लिहायचं, स्वतःचं स्वतः

जानेवारी संपत आला की आमच्या शाळेत दहावीची पोरं स्टाफरूमच्या दाराशी येऊन उभी राहतात, मॅडम मनोगत लिहून द्या ना. मी बीड जिल्ह्यात माध्यमिक शाळेत मराठी शिकवते, बारा वर्षं झाली, आणि पहिली तीन-चार वर्षं मी खरंच लिहून द्यायचे. आता देत नाही. आता पोरांना बसवते आणि त्यांच्याकडूनच लिहून घेते. ते कसं जमतं तेच इथे सांगतेय, दुसऱ्या शाळेतल्या दहावीवाल्यांना उपयोग होईल आणि ज्या शिक्षकांच्या गळ्यात दरवर्षी हे काम येतं त्यांनाही.

लिहून देणं का बंद केलं ते आधी सांगते. एका वर्षी लागोपाठ तीन मुलांनी "शाळा म्हणजे ज्ञानाचं पवित्र मंदिर" अशीच सुरुवात केली, तिघांनीही मोबाईलवरून एकाच ठिकाणचं उतरवून घेतलं होतं, तिसऱ्याच्या वेळी समोरची पोरं हसायला लागली आणि तो मध्येच थांबून खाली उतरला. तो मुलगा पाचवीपासून रोज वस्तीवरून चार किलोमीटर चालत शाळेत आला होता. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की चप्पल हातात आणि दप्तर डोक्यावर घेऊन यायचा. सांगायला त्याच्याकडे एवढं होतं आणि तोंडात मात्र दुसऱ्याचं वाक्य. मला ते आजही लागतं.

तर पहिलं काम. "शाळेच्या आठवणी" असं मथळ्यात लिहून बसू नका, त्याने डोकं एकदम रिकामं होतं, मोठ्यांचंही होतं. जागेपासून सुरू करा. वहीचं मागचं पान घ्या, फोनवर दहा मिनिटांचा टायमर लावा आणि शाळेतल्या जागा लिहा, बाक, जिना, सायकल स्टँड, पाण्याची टाकी, प्रयोगशाळेतलं कुलूप लावलेलं कपाट, मैदानातलं ते एक झाड, जे आठवेल ते. मग प्रत्येक जागेपुढे एकच गोष्ट, तिथे तुम्ही काय करायचात. "आम्ही" काय करायचो ते नको, "मी" काय करायचो ते. शुद्धलेखन बघायचं नाही, खोडायचं नाही, हात थांबवायचा नाही.

एक मुलगा होता, कायम शेवटच्या बाकावर, म्हणाला मॅडम मला काहीच आठवत नाही. मी म्हटलं बरं, पाणी कुठे प्यायचास ते सांग. म्हणाला टाकीच्या तिसऱ्या नळाला. तिसऱ्याच का? तर तिसऱ्या नळाची तोटी गेलेली होती आणि कोणीतरी तिथे लाकडाचा खुंटा ठोकला होता, वर चिंधी गुंडाळलेली, तो खुंटा पिळून काढायला जोर लागायचा आणि परत बसवताना बाही कोपरापर्यंत भिजायची, पण पाणी मात्र त्यालाच सगळ्यात जोरात यायचं. पाचवी-सहावीची पोरं मधल्या सुट्टीत त्याला हाक मारायची, दादा खुंटा काढ ना. हा डबा अर्धा ठेवून जायचा, सगळ्यांच्या बाटल्या भरून द्यायचा आणि खुंटा परत ठोकून यायचा. रोज, तीन वर्षं. मला यातलं काहीच माहीत नव्हतं, रोज त्याच टाकीसमोरून जायचे मी. त्याने समारंभात हेच सांगितलं, फक्त हेच, आणि शेवटी म्हणाला, आता खुंटा कोण काढणार ते आठवीतल्या एकाला शिकवून ठेवलंय. समोर बसलेल्या लहान पोरांनी मागे वळून त्या आठवीतल्या मुलाकडे बघितलं. पुढच्याच आठवड्यात मुख्याध्यापकांनी नवी तोटी बसवून घेतली.

म्हणून दहा मिनिटांत जे निघेल त्यातली एकच गोष्ट निवडा. दोन फार तर. पाचवीपासून दहावीपर्यंतचा सगळा हिशोब मांडायला गेलात की सहल, गॅदरिंग, १५ ऑगस्ट, शिक्षक दिनाला साडी नेसून घेतलेला तास, अशी नुसती यादी होते आणि ऐकणारा तिसऱ्या वाक्याला घड्याळ बघतो. कोणती निवडायची हे कळत नसेल तर जी तुम्ही आधी कोणालाच सांगितलेली नाही ती घ्या.

लिहिताना घरी बोलता तसंच लिहा. आमच्याकडची पोरं कागदावर "मजला येथे ज्ञानार्जन करण्याची संधी लाभली" लिहितात आणि बोलताना "म्या म्हणलं" म्हणतात, या दोन्हीच्या मधे कुठेतरी तुमची भाषा आहे, ती शोधायला सोपा उपाय म्हणजे आधी मित्राला तोंडी सांगा आणि फोनवर रेकॉर्ड करा, मग ते ऐकून जसंच्या तसं उतरवा. बोली आली तर येऊ द्या. मी मराठीची शिक्षिका आहे आणि मीच सांगतेय.

सुरुवातीचं "आदरणीय व्यासपीठ, व्यासपीठावरील मान्यवर" वगैरे एका वाक्यात संपवा, तेवढं करावंच लागतं. पण त्यानंतर लगेच "आज माझं मन भरून आलं आहे" नको, थेट टाकीवर या, बाकावर या. वेळ तीन मिनिटं. हाताने लिहिलेली फुलस्केपची दोन पानं झाली की थांबा, मोठ्याने वाचून स्टॉपवॉच लावा आणि तीनच्या वर जात असेल तर कापा, कापताना सगळ्यात सुंदर वाटणारं वाक्य आधी कापा, बहुतेक वेळा ते ऐकीव असतं. पाठ करू नका. मुद्द्यांची चिठ्ठी हातात ठेवा, चिठ्ठी बघून बोललं तर कोणी काही म्हणत नाही.

आभार. सगळे सर आणि मॅडम यांची नावं ओळीने घेतली की ते हजेरी घेतल्यासारखं होतं, त्यापेक्षा एका माणसाने तुमच्यासाठी केलेली एक गोष्ट सांगा. आणि ज्यांचं नाव कोणीच घेत नाही त्यांच्याकडे आधी बघा. एका मुलीने शिपाई मावशींबद्दल सांगितलं होतं, सातवीत असताना हिचा ड्रेस खराब झाला आणि ही बाथरूममधून बाहेरच येईना, तेव्हा मावशींनी काही न विचारता स्वतःच्या पिशवीतली शाल आणून तिच्या कमरेला बांधली आणि घरापर्यंत सोबत चालत गेल्या. मावशी मागे पाण्याच्या जारजवळ उभ्या होत्या. कोणाचं असं खाजगी सांगणार असाल तर त्या माणसाला आधी विचारून घ्या, हिने मावशींना विचारलं होतं. मुलामुलींच्या जोड्या, सरांची टोपणनावं, कोण कॉपी करताना सापडला होता, हे माईकवर नको, तिथे हशा मिळतो पण घरी जाऊन एखाद्याला त्याचा त्रास भोगावा लागतो.

आता जे गेले त्यांच्याबद्दल. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आमच्या भागातून दिवाळीच्या आगेमागे कुटुंबंच्या कुटुंबं ऊसतोडीला जातात, पश्चिम महाराष्ट्रात, काही कर्नाटकात. मजूर नेणाऱ्या मुकादमाकडून आगाऊ पैशांची उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात आणि कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, उसाच्या फडातच राहतात. पोरं आजी-आजोबांकडे नाहीतर हंगामी वसतिगृहात, आणि काही पोरं सोबत जातात. माझी स्वतःची मैत्रीण, एका बाकावर बसायचो आम्ही, नववीच्या दिवाळीनंतर धाकट्या भावाला सांभाळायला म्हणून गेली ती परत आलीच नाही, पुढच्या वर्षी लग्न झालं तिचं. दहावीच्या निरोप समारंभात मी दादाने लिहून दिलेलं भाषण म्हटलं, टाळ्या पडल्या, पण त्यात तिचं नाव नव्हतं. तेव्हा सुचलंच नाही. म्हणून आता प्रत्येक बॅचला सांगते, पाचवीला तुमच्यासोबत कोण होतं आणि आज नाही, आठवा. बोलणाऱ्यांपैकी एकाने तरी त्या मुलामुलींची नावं घ्यायची. ती का गेली ते सांगायचं नाही, फक्त नाव, आणि ते कुठे बसायचे एवढंच.

मनोगताचा दुसरा अर्धा भाग म्हणजे पुढे काय. इथे सगळे एकदम कलेक्टर होतात. स्वप्न मोठं असावंच, माझं त्याला काही म्हणणं नाही, पण तीन मिनिटांच्या मनोगतात दहा वर्षांनंतरचं पद सांगण्यापेक्षा जूनमध्ये तुम्ही कुठे असाल ते सांगा. त्यासाठी घरी एक कागद घ्या आणि तीन ओळी लिहा, परीक्षा संपल्यापासून निकालापर्यंत मी काय करणार, निकालानंतर कुठे फॉर्म भरणार, आणि तेच का. तिसरी ओळ लिहिताना हात अडला तर समजा की अजून ठरलेलं नाही, आणि मग कोणाशी तरी बोलायला अजून वेळ आहे.

त्या ओळी लिहायला थोडी माहिती लागते म्हणून सांगते. निकाल आता मे महिन्यात लागतो, २०२५ ला १३ मे ला लागला होता. अकरावीचे प्रवेश २०२५-२६ पासून सगळ्या राज्यात ऑनलाइन झालेत, आधी ते मुंबई-पुण्यासारख्या काही शहरांपुरतेच होते, आता आपल्या तालुक्याच्या कॉलेजलाही फॉर्म तिथेच भरायचा, आणि पहिल्याच वर्षी जास्तीत जास्त दहा कॉलेजं पसंतीने देता येत होती, म्हणून कॉलेजांची यादी आधीच करून ठेवा. अकरावी हा एकच रस्ता नाही. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा तीन वर्षांचा, तो दहावीवर होतो आणि नंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. आयटीआयला इलेक्ट्रिशियन आणि फिटर दोन वर्षांचे, वेल्डर आणि डिझेल मेकॅनिक एका वर्षाचे. एका मुलाने माईकवर सांगितलं होतं, मी डिझेल मेकॅनिक करणार कारण आमच्या मुकादमाचा ट्रॅक्टर फडात बंद पडला की माझ्या बापाचा दिवस बुडतो. त्याआधी सात जण इंजिनिअर होणार म्हणून गेले होते, लक्षात राहिला तो हाच.

कागदपत्रांचं आत्ताच बघा, विशेषतः ज्यांचे आईवडील कोयत्यावर आहेत त्यांनी. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेयर, डोमिसाइल, यातलं काय काय तुम्हाला लागेल ते वर्गशिक्षकांना विचारून लिहून घ्या आणि त्यासाठी घरातले कुठले कागद लागतात तेही, कारण आईवडील मार्च-एप्रिलमध्ये येतात, थकलेले असतात, आणि मग निकालानंतर दाखले काढायच्या सेतू केंद्रावर हीऽ रांग लागते. शाळा सोडल्याचा दाखला हातात आला की तिथेच उभं राहून नाव, आईचं नाव, जन्मतारीख वाचा. एक वेलांटी चुकली तरी पुढे चकरा माराव्या लागतात.

ज्यांचं ठरलेलं नाही त्यांनी तसंच म्हणा, "माझं अजून ठरलेलं नाही, मला गणित आवडतं एवढं माहितेय." हे पूर्ण वाक्य आहे. आणि काही गोष्टी माईकवर बोलायच्या नसतात. एका मुलीने तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं, मला सायन्स घ्यायचंय पण घरी स्थळं बघायला लागलेत. ते आम्ही मनोगतातून काढलं आणि मी एका रविवारी तिच्या आजीकडे जाऊन बसले, मग दुसऱ्या रविवारी पण. ती आता बीएस्सीला आहे. असं काही असेल तर ज्या शिक्षकांवर विश्वास आहे त्यांना कागदावर लिहून द्या, समोर बोलता नाही आलं तरी चालेल. आणि शिक्षकांनो, तो कागद मिळाला तर घरी जा.

बोलताना रडू आलं तर थांबा, पाणी प्या, चिठ्ठीतला पुढचा शब्द वाचा. कोणीही घाई करत नाही तेव्हा.

शेवटचं काम समारंभानंतरचं. आमच्या निम्म्या पोरांचे आईवडील समारंभाला नसतातच, ते दोनशे-तीनशे किलोमीटरवर कोपीत, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीत असतात. म्हणून मनोगत रेकॉर्ड करायचं आणि पाठवायचं. हॉलमधलं रेकॉर्डिंग चालत नाही, माईक घुमतो आणि पंख्याचा आवाज येतो, त्यापेक्षा समारंभ झाल्यावर रिकाम्या वर्गात जा, दार लावा, फोन तोंडापासून वीतभर धरा आणि परत एकदा म्हणा, या वेळी आईला सांगताय असं. व्हिडिओ नको, तिकडे रेंज नसते आणि डाऊनलोड होत नाही, नुसता ऑडिओ पाठवा, आणि संध्याकाळी पाठवा, ते कोपीवर आले की. मागच्या वर्षी एका मुलीने दुपारीच पाठवलं, तासाभराने वडिलांचा व्हॉइस मेसेज आला, मागे ऊस तोडल्याचा आणि कोणीतरी हाका मारत असल्याचा आवाज, आणि ते म्हणत होते, बाळा मोळ्या बांधायचं चालूय, नीट ऐकू येईना, रात्री परत पाठव, तुझ्या मायला पण ऐकवायचंय.