लेह ते अगत्ती: अंतराचा आणि वेळेचा हिशेब करताना या चुका टाळा

लडाखमधल्या लेहहून लक्षद्वीपमधल्या अगत्तीला जायचं म्हणून अंतर मोजणाऱ्या एखाद्या साइटवर ही दोन नावं टाकली, की उत्तर येतं: सुमारे २,६५० किमी, पावणेचार तास. अंतर बरोबर आहे. वेळ मात्र सोडून द्या, कारण असं थेट विमानच नाही आणि होणंही कठीण आहे. अगत्तीची धावपट्टी जेमतेम १,२०० मीटरची, तिथे मोठं जेट उतरत नाही. उतरू शकणारं एटीआर, म्हणजे पंख्यांचं छोटं विमान, प्रवासी भरून एवढा पल्ला गाठू शकत नाही.

म्हणजे खरा मार्ग लेह–दिल्ली–कोची–अगत्ती. अंतर ३,१०० किमीच्या पुढे जातं आणि नुसतं हवेत सहा तासांच्या आसपास. शेवटचा टप्पा पाहा: कोची–अगत्ती साधारण ४६५ किमी. जेटचा ताशी ८०० किमीचा वेग धरला तर पस्तीस मिनिटं येतात. एटीआर ताशी ५०० च्या आसपास उडतं, त्यात विमानाचं जमिनीवरचं धावणं, चढण, उतरण धरा. वेळापत्रकात दीड तास दिसतो तो उगाच नाही.

अंतराचा आकडाच विचित्र आला तर आधी विमानतळाचा तीन अक्षरी कोड तपासा. लेह आयएक्सएल, जम्मू आयएक्सजे. आपलं छत्रपती संभाजीनगरही आयएक्सयू, त्यामुळे एका अक्षराने गफलत होते. स्वतः अक्षांश-रेखांश भरत असाल तर क्रम बघा: लेहचे ३४.१ आणि ७७.५ उलटे पडले, तर लेह थेट बॅरेंट्स समुद्रात जातं! आकडा जवळपास निम्मा दिसत असेल तर तो सागरी मैलात असणार, १.८५२ ने गुणा.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे तिन्ही विमानं एकाच दिवसात, वेगवेगळ्या तिकिटांवर बसवणं. लेहची विमानं बहुतेक सकाळीच असतात. दुपारी दरीत वारा उठतो आणि ऊन चढलं की विरळ हवा आणखी विरळ होते, विमानाला उचल कमी मिळते. २०२४ च्या जुलैअखेर तर उष्म्यामुळेच तिथली उड्डाणं रद्द झाली होती. पहिलं विमान गेलं नाही, तर स्वतंत्र तिकिटावरची पुढची कंपनी तुमच्यासाठी थांबत नाही आणि पैसेही देत नाही. कोचीत एक मुक्काम धराच. लक्षद्वीपचा प्रवेश परवाना हातात नसेल तर तिकीटही काढू नका.

उलट दिशेने येताना हिशेब आणखी बदलतो. विमानाच्या केबिनमधला दाब साधारण ८,००० फुटांपर्यंतच्या उंचीइतका राखलेला असतो. लेहचा विमानतळ सुमारे १०,७०० फुटांवर. म्हणजे विमान खाली उतरत असताना केबिनमधली हवा उलट विरळ होत जाते. उतरल्यावर पहिले एक-दोन दिवस विश्रांतीचे, ते प्रवासाच्या वेळेतच मोजा. आणि अगत्तीला स्कूबा (हवेची टाकी घेऊन समुद्रात डाइव्ह) केलं असेल तर जास्त सांभाळा: एका डाइव्हनंतर १२ तास, अनेक डाइव्हनंतर १८ तास विमानात बसण्याआधी थांबण्याचा जो सल्ला देतात, तो ८,००० फुटांपर्यंतच्या केबिनसाठी आहे. लेह त्याच्याही वर. मध्ये दोन रात्री कोचीला किंवा दिल्लीला काढा आणि लेहचं तिकीट काढण्याआधी डाइव्हिंगची माहिती असलेल्या डॉक्टरांना विचारा.