'सोप्रानो' आणि 'आल्ट': उसन्या शब्दाची वाट कशी शोधावी

स्लाव्ह आणि तुर्की कुळांतल्या भाषांमध्ये गायनातील आवाजांची नावे इतकी सारखी दिसतात, की मूळ इटालियन आहे एवढे नोंदवून थांबण्याचा मोह होतो; पण शब्द कोणत्या भाषेच्या मार्फत पुढे गेला हे शोधणे मला अधिक मोलाचे वाटते.

स्त्रियांच्या सर्वांत उंच आवाजाचे नाव, 'सोप्रानो', घेऊन आरंभ करावा आणि आधी शब्दाचा शेवट पाहावा. जर्मनमध्ये इटालियन शब्दाचा अंत्य 'ओ' गळलेला आहे. पोलिश, चेक आणि क्रोएशियन रूपांतही तो नाही, तर रशियन आणि युक्रेनियनमध्ये तो टिकून आहे. हा केवळ सुगावा मानावा, कारण अंत्य स्वर घेणारी भाषा स्वतःही गाळू शकते. म्हणून लगेच जोडीचा शब्द तपासावा. स्त्रियांच्या खालच्या आवाजाचे इटालियन नाव 'आल्तो' रशियनमध्ये जर्मनप्रमाणे 'आल्ट' होतो, म्हणजे 'सोप्रानो'चा 'ओ' राखणाऱ्या त्याच भाषेत शेजारचा शब्द मात्र जर्मन वळणाचा आहे. एका शब्दावरून साऱ्या परिभाषेचा निष्कर्ष काढू नये तो यासाठीच.

तुर्की कुळात लेखन बारकाईने पाहावे. कझाक 'आल्ट'मध्ये 'ल'नंतर मृदुचिन्ह, म्हणजे आधीचे व्यंजन मृदू उच्चारायचे असे दाखवणारे सिरिलिक (रशियन ज्या लिपीत लिहितात त्या) लिपीतले अक्षर, लिहितात. कझाकमध्ये हे चिन्ह रशियनमार्फत आलेल्या शब्दांपुरतेच असल्याने वाट तिथेच उघड होते. तुर्कस्तानच्या तुर्कीत 'आल्तो' आहे, अर्थात ती वाट रशियनवरून गेलेली नाही. मात्र अझरबैजानने 1991 मध्ये आणि उझबेकिस्तानने 1993 मध्ये लॅटिन लिपीचा कायदा केला, त्यामुळे तिथल्या नव्या कोशांतले रूप तुर्कीसारखे दिसले तरी सिरिलिक लिपीतला जुना कोश उघडल्याशिवाय निर्णय देऊ नये.

शब्द कितपत रुळला हे व्याकरण सांगते. रशियन 'सोप्रानो'ला विभक्तिप्रत्यय लागत नाहीत. पोलिशमध्ये मात्र 'सोप्रान'चे तृतीयेचे रूप सहज 'सोप्रानेम' होते आणि तुर्कीत अनेकवचन 'सोप्रानोलार' असे होते.

उदाहरणे गोळा करताना पूर्ण वाक्य उतरवून घ्यावे. रशियन 'आल्ट' हे व्हायोलिनहून थोड्या मोठ्या तंतुवाद्याचेही नाव आहे, तर पोलिशमध्ये त्या वाद्याला 'आल्तुफ्का' हा वेगळा शब्द आहे. सुटा शब्द नोंदवला तर आवाज आणि वाद्य यांची सरमिसळ होते.