बायॉस अपडेट करताय? आधी बोर्डावरची बारीक अक्षरं वाचा
बायॉस म्हणजे कॉम्प्युटर सुरू होताना सगळ्यात आधी चालणारं, मदरबोर्डवरचं सॉफ्टवेअर. ते अपडेट करण्याआधी कॅबिनेट उघडून मदरबोर्डवर छापलेलं मॉडेल आणि रिव्हिजन (त्याच मॉडेलची कितवी आवृत्ती) नीट बघा. गिगाबाइटच्या बोर्डावर कोपऱ्यात ‘रेव्ह 1.0’ किंवा ‘1.1’ असं बारीक छापलेलं असतं. बोर्डाचं नाव तेच असलं तरी रिव्हिजननुसार बायॉसची फाइल वेगळी असू शकते. ती कंपनीच्याच साइटवरून घ्या, एफएटी32 फॉरमॅटच्या पेनड्राइव्हवर टाका आणि विंडोजमधून नव्हे, बायॉसमधल्या क्यू-फ्लॅशमधून (गिगाबाइटची अपडेटची सोय) चढवा. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क-कुलूप) चालू असेल तर आधी सस्पेंड करा आणि रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा, हे फार जण विसरतात. लाइटचा भरवसा नसेल तर यूपीएस हवाच. स्क्रीन काळी पडली, मशीन दोनदा रीस्टार्ट झालं तरी पॉवरच्या बटणाला हात लावू नका. शेवटी रॅमचं एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारं सेटिंग, तपासा. अपडेटनंतर ते बहुतेकदा बंद झालेलं असतं.